जोडीतला डावा स्पीकर

मी डावा. माझा जोडीदार उजवा. दारातून आत आलात की समोरच्या भिंतीपासून हातभर पुढे आम्ही दोघं उभे दिसू. माणसाच्या कमरेइतके उंच, अंगानं सडपातळ, रंग तपकिरी. नवा पाहुणा आला की हमखास विचारतो, "ही कपाटं कसली?" आम्ही कपाटं नाही. जमिनीवर उभं राहून गाणारे स्पीकर आहोत. आजपर्यंत दुसऱ्यांचं बोलणं आणि दुसऱ्यांचं गाणं आमच्या तोंडून बाहेर पडलं. आज माझं स्वतःचं सांगतोय, तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म पुण्याजवळ भोसरीत, एका लहानशा कारखान्यात झाला. तिथं चारच माणसं होती. एकानं फळ्या कापून माझं खोकं बांधलं. एका बाईनं केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घातले. कागदाचा पडदा, मागं लोहचुंबक, पोटात थोडी लोकर. खोकं तयार झालं की म्हातारा मिस्त्री बोटाच्या पेरानं ते ठोकून बघायचा. पोकळ आवाज आला की आतून आणखी एक पट्टी मारायचा. "खोकं बोललं नाही पाहिजे, गाणं बोललं पाहिजे," असं तो म्हणायचा.

माझा जोडीदार त्याच दिवशी, त्याच फळीतून झाला. आमच्या पाठीवर कुठल्या मोठ्या कंपनीचा शिक्का नाही. त्यामुळे किंमत बेताची.

पहिले मालक नगरला सावेडीत राहणारे एक निवृत्त प्राध्यापक. सर रोज सकाळी चहाचा कप घेऊन आमच्या समोर बसत आणि तासभर गाणं ऐकत. मध्ये कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. ते दिवस फार चांगले गेले. पुढं सरांचे गुडघे गेले, ते आतल्या खोलीत झोपून राहू लागले. मग माझ्या डोक्यावर मनीप्लँटची कुंडी आली. कुंडीतल्या पाण्याचा गोल डाग अजून माझ्या डोक्यावर आहे. शेवटी मुलगी सरांना पुण्याला घेऊन गेली. तिच्या फ्लॅटमध्ये आम्हांला जागा नव्हती.

आम्ही रविकांतच्या दुकानात आलो. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं नव्या-जुन्या स्पीकरचं दुकान आहे. तिथं आम्ही दीड वर्ष एका बंद पडलेल्या टेबलफॅनच्या शेजारी उभे होतो.

त्या दीड वर्षात मी गिऱ्हाइकं खूप पाहिली. बहुतेक माणसं स्पीकर डोळ्यांनी निवडतात. लाइट लागतात का, किती इंची आहे, हे आधी विचारतात. मग म्हणतात, "बेस दाखवा." रविकांत आवाज वाढवतो, गिऱ्हाईक खोक्यावर पंजा ठेवतं, पंजा थरथरला की खूश. यात माणसाचा गळा कसा ऐकू येतो, हे विचारणारा एकही आला नाही.

मग एका दुपारी वाल्मिक आला.

सव्वीस वर्षांचा असेल. मिरजगावला पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं, त्याचं दुकान. नववीतून शाळा सोडलेली. बोटांना वॉर्निशचा वास. दुकानात शिरला तो दारातच थांबला. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत एका पोस्टरकडे बघत राहिला.

"बोला, काय हवंय?" रविकांतनं विचारलं.

"स्पीकर."

"कशाला? मंडळाला, हॉटेलला, का गाडीत?"

"घरी."

"किती घालायचेत?"

वाल्मिकनं आकडा इतका हळू सांगितला की रविकांतला दोनदा विचारावं लागलं. मग त्यानं चाकं असलेला, रंगीबेरंगी लाइटचा एक मोठा डबा पुढं ओढला. "हा घ्या. आजकाल हाच जातो. गल्ली हलते याच्यानं."

"गल्ली न्हाई हलवायची," वाल्मिक जमिनीकडे बघत म्हणाला. "आमच्या आबांना ऐकवायचंय. त्यांना दिसत न्हाई आता."

रविकांतनं डब्याचं बटण बंद केलं.

वाल्मिकनं खिशातून एक सुतळी काढली. तिला एके ठिकाणी गाठ मारलेली होती. "हे टोक जमिनीला लावायचं. आबा बाजेवर बसले की त्यांचा कान या गाठीपाशी येतो. वरचा बारका गोल कानाच्या उंचीला पाहिजे, असं मोबाईलवर वाचलं."

ती सुतळी मापताना घरी त्याची आई, बनुबाई, ओरडली होती म्हणे, "आरं मुडद्या, जित्या मानसाला दोरी कशाला लावतोस!"

रविकांत हसला नाही. उलट त्यानं सुतळी स्वतः हातात घेतली. आधी एक लहान जोडी लावून दाखवली. आवाज गोड होता आणि पैसेही कमी लागले असते. पण तिला वेगळं स्टँड हवं. स्टँड नाही म्हणून ती घरी फ्रीजवर चढली असती आणि गाणं आबांच्या डोक्यावरून गेलं असतं. मग मोठ्या कंपनीची उंच जोडी दाखवली. तिची किंमत ऐकून वाल्मिक म्हणाला, "येवढ्यात दुभती गाय येती." तिसरी जोडी परवडणारी होती, उंचही होती.

"यावर काय लावू?" रविकांतनं विचारलं.

"माझ्या मोबाईलमधलं लावता का?" वाल्मिकनं फारच संकोचून विचारलं. त्याच्याकडे गावच्या सप्ताहातल्या एका म्हाताऱ्या महाराजांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग होतं. तिसऱ्या जोडीवर महाराज विहिरीतून बोलल्यासारखे वाटले. टाळ कानात टोचले.

"ती कोपऱ्यातली कुनाची?" वाल्मिकनं आमच्याकडे बोट दाखवलं.

रविकांतनं आमची धूळ पुसली. सुतळी माझ्याशेजारी धरली तर गाठ बरोबर माझ्या वरच्या गोलापाशी आली. मग कीर्तन सुरू झालं. दीड वर्षानं माझ्या अंगात जीव आला. महाराजांचा गळा, पखवाजाची धुम, आणि अभंगाचं चरण संपल्यावर त्यांनी घेतलेला दम, सगळं आम्ही जसं होतं तसं दिलं. वाल्मिक आमच्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत होता. तिथं फक्त तो टेबलफॅन होता. पण त्याला तिथं महाराज उभे दिसत होते, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"चार दिवस घरी लावा," रविकांत म्हणाला. "आबांना नाही रुचलं तर परत आणा. दुकानात एक ऐकू येतं, घरात दुसरं. दोघांमध्ये जेवढं अंतर ठेवाल, तेवढ्याच अंतरावर आबांची बाज ठेवा. कोपऱ्यात कोंबू नका. आणि वायर लावताना लालला लाल, काळ्याला काळी." त्यानं सोबत एक जुना अँप्लिफायर आणि वायरीचं एक बंडल दिलं.

भरलेल्या दोन मोटारींच्या मध्ये, गोधडीत गुंडाळून, आम्ही टेम्पोनं मिरजगावला आलो.

आता आबांविषयी सांगतो. वाल्मिकचे वडील, भिमाजी आबा, चाळीस वर्षं जनावरांचे व्यापारी. घोडेगावच्या बाजारात त्यांच्या शब्दाला मान होता. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून, न बोलता सौदा करायचे, आणि बैलाच्या खांद्यावर नुसता हात फिरवून सांगायचे की हा कुठल्या बाजूला जुंपलेला आहे. आधी काचबिंदूनं एक डोळा नेला. आठ महिन्यांपूर्वी दुसराही गेला. तेव्हापासून आबा बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसत. जेवा म्हटलं की जेवत. नाहीतर दिवसभर तोंडातून शब्द नाही. कीर्तन त्यांच्या फार आवडीचं, पण मोबाईलवर लावलं की म्हणत, "डबीत माशी कोंडल्यागत वाटतंय."

वाल्मिकला एवढंच हवं होतं, की आबांनी भिंतीकडचं तोंड फिरवावं. आणि मला हवं होतं की या घरात राहायला मिळावं. चार दिवसांत दोन्हीचा निकाल लागणार होता.

आणि पहिल्याच तासाला वाल्मिकनं चूक केली.

रविकांतनं दिलेली वायर त्याला बारीक वाटली. मोटारी भरणाऱ्या माणसाचा बारीक वायरीवर विश्वास बसत नाही. त्यानं दुकानातून बोअरच्या मोटारीच्या जाड चपट्या केबलचे दोन उरलेले तुकडे आणले. त्या केबलमध्ये लाल, पिवळी आणि निळी अशा तीन वायरी असतात, काळी नसतेच. माझ्याकडे त्यानं लालला लाल आणि काळ्याला पिवळी लावली. बरोबर झालं. माझ्या जोडीदाराच्या तुकड्यातली लाल वायर तुटकी निघाली, म्हणून तिथं पिवळी आणि निळी घेतली. अँप्लिफायरच्या टोकाला पिवळी काळ्यावर लावली आणि लाइट गेली. तासाभरानं लाइट आल्यावर जोडीदाराच्या पाठीला तीच पिवळी लालवर लावली.

मला तेव्हाच कळलं. पण सांगणार कसं?

मोटारीच्या वायरी उलट्या पडल्या तर मोटार उलटी फिरते, पाणी येत नाही, लगेच समजतं. आमच्यातून मात्र आवाज आला. आवाज आला म्हणजे जमलं, असं वाल्मिकला वाटलं. खरं तर माझा पडदा पुढं यायचा तेव्हा जोडीदाराचा मागं जायचा. मी ढकललेली हवा तो ओढून घ्यायचा. पखवाजाची धुम वाटेतच विरून गेली. महाराज मधोमध उभे राहीनात, खोलीभर सांडले.

आबांनी मान थोडी वळवली. पाच मिनिटांनी आबा म्हणाले, "पखवाजाला कनीक लावली न्हाई व्हय कुनी?"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, तेव्हा कुठं तो घुमतो. पण वाल्मिकला वाटलं, आबा नुसते चिडलेत.

"बंद कर ते," आबा म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी आबांचे बाजारातले जुने जोडीदार कानिफनाथ आले. खांद्यावर उपरणं, हातात काठी. आल्या आल्या त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "ही कपाटं कवा घेतली?"

"कपाट आसतं तर चार लुगडी तरी ठिवली आसती," बनुबाई म्हणाल्या. "गाती म्हनं. पर ह्यांच्याफुडं गायचं म्हंजी म्हशीफुडं पोथी!"

कानिफनाथ हसले आणि बाजेच्या कडेला टेकले. "भिमा, शुक्रवारी चल की घोडेगावला. पुतण्याला खोंडांची जोडी घ्यायचीय. मला डोळं हायेत, पन तुझा हात न्हाई."

"आंधळ्याला घिऊन जातोस व्हय? आन माझं दावं कोन धरनार?"

"मी धरतो."

"जा बाबा. उगं तमाशा नको."

कानिफनाथ चहा न घेताच उठले.

तिसऱ्या दिवशी वाल्मिकनं आम्हांला जरा सरकवलं, आवाज वाढवला, कमी केला. दुकानात ऐकलं तसं काही येईना. आपण नववीतून शाळा सोडलेले, आपल्याला काय कळतंय, दुकानात आपल्यालाच भास झाला असेल, असं त्याला वाटत असावं. दोनदा त्यानं रविकांतचा नंबर लावला आणि रिंग व्हायच्या आत कट केला. वायर उलटी लागली असेल ही शंका त्याला आली नाही, कारण ज्या कामात आपला हात बसलाय त्यात माणूस चूक शोधत नाही. मी इतकी माणसं पाहिली, त्यांत हे सगळीकडे सारखं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं गोधडी आणली. टेम्पोवाला अकराला येणार होता. जोडीदाराच्या डोक्यावरून गोधडी टाकली तसा बाजेवरून आवाज आला.

"वाल्मिक, काय चाललंय?"

"जोडी परत देतो, आबा."

"का?"

"तुमाला न्हाई आवडली."

"मी कवा म्हनलो आसं?"

"बंद कर म्हनला ना तुमी."

"मग काय करू! तीन दिस कानात काटं टोचतायत. हिकडं ये. मला न्हे तिथं."

वाल्मिकनं हात धरला. आठ महिन्यांत आबा स्वतःहून पहिल्यांदा या बाजूला आले. आधी माझ्यापाशी थांबले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, पाण्याच्या डागावर थोडा घुटमळला, मग पाठीवरून, कुशीवरून थेट पायापर्यंत गेला. बोटाच्या पेरानं त्यांनी मला ठोकलं. मिस्त्रीनंतर असं कुणी मला ठोकलं नव्हतं. मग जोडीदाराची गोधडी बाजूला करून त्यालाही तसंच तपासलं.

"एका गोठ्यातली हायेत," आबा म्हणाले. "उंची येक, कूस येक. जोडी खोटी न्हाई, पोरा. जुंपलीत चुकीची. यक वढतोय आन दुसरा मागं रेटतोय. मग गाडी हालंल कशी?"

वाल्मिक गोधडीचं टोक धरून तसाच उभा राहिला. मग त्याचे डोळे एकदम माझ्या पाठीमागच्या केबलवर गेले. तिथून जोडीदाराच्या केबलवर. लाल-पिवळी. पिवळी-निळी.

"थांबा आबा. थांबा जरा."

त्यानं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि त्यातला सेल काढला. बनुबाई चुलीपासून ओरडल्या, "आता घड्याळ बी बंद पाडलं का?" वाल्मिकनं अँप्लिफायरच्या बाजूच्या वायरी सोडवल्या. आबांची बोटं माझ्या पडद्यावर हलकेच ठेवली आणि वायरींच्या टोकांना सेल टेकवला.

"ह्यो भायेर आला," आबा म्हणाले.

मग जोडीदाराच्या पडद्यावर बोटं, पिवळीला सेलचं तेच टोक.

"ह्यो आत गेला. काय म्हनलो मी?"

वाल्मिकनं जोडीदाराच्या पाठीवरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. पुन्हा सेल टेकवला. "आला भायेर," आबा म्हणाले, आणि बाजेकडे जायला स्वतःच वळले.

कीर्तन लागलं. आता मी आणि जोडीदार एका दमानं पुढं, एका दमानं मागं. पखवाजाची धुम जमिनीवरून निघाली आणि बाजेच्या पायांपर्यंत गेली. आबा भिंतीला पाठ टेकून बसले होते, तोंड आमच्याकडे. त्यांच्या बोटांनी बाजेच्या लाकडी कडेवर ठेका धरला. महाराजांनी चरण संपवून दम घेतला तसा आबांनी हात उचलला आणि आमच्या दोघांच्या बरोबर मधोमध बोट दाखवलं.

"हितं उभं हायेत बघ. दम लागतोय म्हाताऱ्याला."

वाल्मिकनं तोंड दुसरीकडे फिरवलं. बनुबाई चुलीपासून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या. अकराला टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. वाल्मिकनं बाहेर जाऊन त्याला परत पाठवलं आणि येता येता रविकांतला फोन केला. यावेळी कट केला नाही. "जोडी ठेवली," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "आबांनी शोधली चूक."

कीर्तन संपल्यावर आबांनी पाय बाजेखाली सोडले. मग म्हणाले, "दिसत न्हाई म्हनून मला वाटलं, आता काहीच कळायचं न्हाई. कानिफला फोन लाव."

"काय सांगू?"

"म्हनावं, शुक्रवारी जनावर तू बघ. मी हात लावून सांगतो."

शुक्रवारी पहाटेच ते गेले. आबा, कानिफनाथ आणि वाल्मिक. दिवसभर घरात बनुबाई आणि आम्ही दोघं. बाईंनी माझं अंग ओल्या फडक्यानं पुसलं आणि पुसता पुसता म्हणाल्या, "धडधाकट माघारी येऊ दे रं बाबा ह्यास्नी." मला वाटतं, ते आम्हांला नव्हतं. देवाला असावं.

दिवेलागणीला टेम्पो दारात थांबला. आबांचा आवाज दाराबाहेरूनच ऐकू आला. केवढा आवाज! पहिली जोडी दाखवणाऱ्यानं तोंडावर म्हटलं होतं, आंधळ्याला काय कळतंय. आबांनी खोंडाला चार पावलं चालवायला सांगितली, खुरांचा आवाज ऐकला आणि म्हणाले, मागचा डावा पाय दुखतोय याचा. पाय उचलून पाहिला तर खुरात खडा रुतलेला. मग भोवती माणसं जमली. दुसरी जोडी आबांच्या हाताला पटली. सौदा उपरण्याखालीच झाला. बोटांना डोळे लागत नाहीत. आबा सांगत होते, कानिफनाथ मध्येच भर घालत होते, बनुबाई म्हणत होत्या, "आदी हात-पाय तर धुवा!" आणि कुणीच उठत नव्हतं.

वाल्मिकचा हात सवयीनं अँप्लिफायरच्या बटणाकडे गेला. त्यानं आबांकडे पाहिलं आणि हात मागं घेतला.

आता आम्ही याच घरात आहोत. रोज सकाळी कीर्तन, दुपारी बनुबाईंची गाणी, आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत वाल्मिकच्या आवडीचं काहीतरी हळू आवाजात. तुम्हीही कधी घरासाठी स्पीकर बघायला निघालात तर एवढं करा. लाइट आणि इंच नंतर बघा. ज्याला ऐकवायचंय तो कुठं बसतो, काय ऐकतो, ते आधी बघा. कोपऱ्यातल्या, नाव नसलेल्या जोडीलाही एकदा बोलू द्या. वायरी नीट लावा.

आणि ज्याच्यासाठी आणलं ते माणूस एखाद्या संध्याकाळी भरभरून बोलायला लागलं, तर आम्हांला खुशाल बंद करा. त्या शुक्रवारी मी रात्रभर मुका उभा होतो, आणि मला काहीही कमी पडलं नाही.